लहान प्राणिगृहातली स्वच्छता आणि रोगनियंत्रण : वेळापत्रक कशावरून ठरवायचं?

निशिगंधा

फार्मसी आणि जीवशास्त्राच्या महाविद्यालयांतली छोटी प्राणिगृहं डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढते आहे. तीन-चार खोल्या, पॉलीप्रॉपिलीनचे उघडे पिंजरे, एक उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र), पिंजरे धुवायचं यंत्र नाही आणि कामाला दोन माणसं. मोठ्या संस्थांच्या कार्यपद्धती वाचायला मिळतात, पण त्यातलं अर्धं सामान इथे नसतं.

बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच. दारावर तक्ता, सोमवार-गुरुवार पिंजरे बदलायचे, रोज फरशी पुसायची, सगळ्या रकान्यांत सह्या. खोलीत फिनाईलचा घमघमाट. तरीही माईसच्या (छोट्या उंदरांच्या) टेप-चाचणीत पिनवर्म या आतड्यातल्या कृमींची अंडी निघतात, सशांची पिल्लं जुलाबाने दगावतात, रॅट (मोठे उंदीर) शिंकत असतात आणि त्यांच्या नाकाडोळ्यांभोवती लालसर डाग दिसतात. काम रोज होतं, रोग मात्र हलत नाही.

पिंजरे किती दिवसांनी बदलायचे, कशाने धुवायचे, हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) किती घ्यायचं आणि नवे प्राणी आले की काय करायचं, हे आकड्यांसकट इथे जमवूया. पावसाळ्यातल्या दमटपणाबद्दलही लिहा.

कृष्णाकाठचा पशुवैद्य

तक्ता वारावरून लिहिला की असंच होतं. तक्ता जंतूच्या घड्याळावरून लिहायला हवा.

पिनवर्मचंच बघा. माईसमध्ये दोन जाती सापडतात. सिफेशियाची मादी गुदद्वाराभोवतीच्या कातडीवर अंडी चिकटवते आणि ती काही तासांतच लागण करण्याजोगी होतात. प्राणी अंग चाटतो आणि अंडी पुन्हा पोटात जातात. पूर्ण चक्र ११ ते १५ दिवसांचं. दुसरी जात ॲस्पिक्युल्युरिस. तिची अंडी लेंड्यांबरोबर पडतात, त्यांना तयार व्हायला ६-७ दिवस लागतात आणि चक्र २३ ते २५ दिवसांचं असतं. दर चार दिवसांनी पिंजरा नीट धुऊन बदलला तर ॲस्पिक्युल्युरिसची अंडी तयार होण्याआधीच बाहेर पडतात. सिफेशियाला त्याने काहीच फरक पडत नाही, कारण अंडी प्राण्याच्या अंगावरच बसून नव्या पिंजऱ्यात जातात. म्हणून आधी जात ओळखा, मग तक्ता लिहा.

सशांचं कॉक्सिडिया, म्हणजे जुलाब आणणारे एकपेशीय परजीवी, यांचंही असंच. लेंडीतून पडलेली त्यांची ऊसिस्ट (अंड्यासारखी कवचबंद अवस्था) ताजी असताना लागण करत नाहीत. हवा, ओल आणि ऊब मिळाली की दोन-तीन दिवसांत पक्व होतात आणि मग धोकादायक ठरतात. ससा मऊ लेंड्या थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो, त्यातून लागण होत नाही. ट्रेवर पडून पिकलेली घाण खाण्यात गेली की होते. सोमवार-गुरुवारचा तक्ता नेमका ही तीन दिवसांची संधी देतो. सशांचे ट्रे रोज रिकामे करून खरवडले आणि आठवड्यातून दोनदा वाफेने किंवा उकळत्या पाण्याने भाजले, तर पिल्लं दगावण्याचं प्रमाण पुष्कळ उतरतं. हायपो आणि फिनाईल या ऊसिस्टवर जवळजवळ निरुपयोगी आहेत. इथे उष्णताच कामाची.

तिसरं घड्याळ अमोनियाचं. लघवीतला युरिया अमोनियात बदलतात ते पिंजऱ्यातल्या तुसाच्या बिछान्यातले जिवाणू. कोरड्या तुसात ते हळू वाढतात, ओल्या तुसात झपाट्याने. २५ पीपीएमपासून (दहा लाख भागांत २५ भाग) पुढे अमोनिया रॅटच्या श्वासनलिकेला इजा करतो आणि मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा सुप्त जंतू डोकं वर काढतो. शिंका आणि मान तिरकी धरणं ही त्याची लक्षणं. लाल डाग हे बहुधा रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीतलं पॉर्फिरिन असतं. ते ताण किंवा आजार सांगतं, कोणता आजार हे सांगत नाही.

नाकाच्या भरवशावर राहू नका. पाच मिनिटांत आपलं नाक सरावतं, आणि प्राणी तर बिछान्याच्या उंचीवर श्वास घेतो, जिथे अमोनिया आपल्या नाकापेक्षा जास्त असतो. अमोनियाच्या डिटेक्टर नळ्या मिळतात. पिंजऱ्याच्या आत, बिछान्याजवळ धरून मोजा.

पिंजरेवाला

फिनाईलबद्दल आधी. वास झाकणारा कुठलाही पदार्थ प्राण्यांच्या खोलीत नको. वास हाच आपला इशारा असतो, तो झाकला की पिंजरा उशिरा बदलला जातो. शिवाय उंदीरवर्गाचं जग वासावर चालतं.

यंत्राशिवाय धुण्याची रीत अशी. घाण पिंजरे प्राण्यांच्या खोलीत रिकामे करू नयेत. झाकणीसह ढकलगाडीने धुण्याच्या जागी न्यावेत. बिछान्यावर फवाऱ्याने थोडं पाणी मारून मगच प्लास्टिकच्या खरवडणीने पिशवीत सरकवावा. कोरडं तूस झटकलं की पिनवर्मची अंडी, बुरशी आणि ॲलर्जी आणणारी प्रथिनं धुळीबरोबर खोलीभर उडतात. मग ५० ते ६० अंशांच्या पाण्यात सौम्य डिटर्जंट घालून पिंजरे २० मिनिटं बुडवायचे आणि ब्रशने घासायचे. तळाचे चार कोपरे आणि वरची वळलेली कड यांत बोट घालून बघायचं. चिकट थर तिथेच उरतो. नंतर भरपूर पाण्याने खळखळून मगच हायपोत १० मिनिटं. पुन्हा खळखळणं, आणि तिरक्या स्टँडवर पालथे घालून निथळवणं.

यंत्रासाठीची शिफारस शेवटच्या खळखळण्याला ८२.२ अंश किंवा जास्त, अशी आहे. हाताने धुताना ते तापमान गाठता येत नाही, हात भाजतो. त्यामुळे यंत्र नसेल तिथे ऑटोक्लेव्ह हाच त्या तापमानाचा पर्याय धरायचा. १२१ अंश, किमान २० मिनिटं.

पिंजरे गच्चीवर किंवा आवारात उन्हात वाळवण्याची सवय सोडायला हवी. ऊन चांगलं, पण वाळता पिंजरा म्हणजे कावळा, चिमणी आणि मोकाट उंदीर यांना बसायला जागा. जाळीबंद जागा असेल तरच.

निशिगंधा

दोघांचेही आभार. हायपोचं गणित कोणी सोडवून देईल का? बाटलीवर कधी ४ टक्के, कधी ५ टक्के लिहिलेलं असतं. आणि सशांच्या ट्रेवर जो पांढरा दगडासारखा थर बसतो तो हायपोने निघतच नाही.

सूक्ष्मदर्शी

५ टक्के म्हणजे ढोबळमानाने ५०,००० पीपीएम. धुतलेल्या पिंजऱ्यांना आणि फरशीला १,००० पीपीएम पुरतं. १ लिटर द्रावणासाठी २० मिली हायपो, बाकी पाणी. रोगाची साथ असताना किंवा पार्व्होव्हायरसची शंका असताना ५,००० पीपीएम, म्हणजे लिटरला १०० मिली. बाटली ४ टक्क्यांची असेल तर हेच आकडे २५ आणि १२५ मिली. बाटली उघडल्यावर क्लोरीन उडतं, उन्हाळ्यात फार लवकर. तयार द्रावण रोज नवं करा आणि आठवड्याला एकदा क्लोरीनच्या पट्टीने तपासा. लघवी, शेण, तूस यांच्या संपर्कात क्लोरीन खर्ची पडतं. घाण पिंजरा थेट हायपोत बुडवला तर द्रावण पिंजऱ्याआधी संपतं. आधी धुणं, मग निर्जंतुक करणं, हा क्रम त्यासाठीच.

तो पांढरा थर कॅल्शियमच्या क्षारांचा. सशाच्या लघवीतून कॅल्शियम भरपूर बाहेर पडतं. १० लिटर गरम पाण्यात ५०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवा आणि ब्रशने घासा. जुना थर असेल तर रात्रभर. थर राहू दिला तर त्याच्या भेगांत जंतू सुरक्षित बसतात आणि वरून कितीही हायपो ओता, आत पोचत नाही. पण आम्लाचं पाणी आणि हायपो कधीही एकत्र येऊ देऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. दोन्हींच्या मध्ये भरपूर पाण्याने धुणं आणि शक्यतो दोन वेगवेगळे टब, वेगळ्या रंगांचे. हायपो लघवीच्या अमोनियाबरोबर मिसळलं तरी डोळे-घसा चुरचुरणारे क्लोरामाइन तयार होतात.

आणखी एक. ७० टक्के अल्कोहोल हातमोज्यांवर फवारलं की सगळं झालं असं समजतात. कोरोनाव्हायरससारखे आवरण असलेले विषाणू त्याने मरतात. पार्व्होव्हायरस, पिनवर्मची अंडी आणि क्लोस्ट्रिडियम पिलिफॉर्मचे बीजाणू मरत नाहीत. क्वाटर्नरी अमोनियमच्या जंतुनाशक द्रावणांचंही तेच. बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा खोलीत कोणता जंतू आहे यावर औषध ठरवा.

पिंजरेवाला

डिटर्जंटच्या बाबतीत एक गोष्ट जोडतो, कारण ती फार महागात पडलेली आहे. १९९८ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत माईसच्या बीजांडांतल्या गुणसूत्रांचे दोष एकाएकी १-२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांच्या आसपास गेले. कारण निघालं पिंजऱ्यांचं. पॉलीकार्बोनेटचे पिंजरे आणि बाटल्या चुकून फरशीच्या तीव्र डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या, प्लास्टिक झिजून त्यातून बिसफेनॉल-ए, म्हणजे ते प्लास्टिक ज्यापासून बनतं ते रसायन, पाझरत होतं. २००३ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

म्हणून पॉलीकार्बोनेटला तीव्र क्षारीय पावडर नको, आणि ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याआधी डिटर्जंटचा अंशही राहता कामा नये. धुकट दिसणारा, चिरा गेलेला किंवा हाताला चिकट लागणारा पिंजरा काढून टाका. पॉलीप्रॉपिलीनला बिसफेनॉलचा धोका नाही, पण ओरखड्यांत घाण धरते, त्यामुळे तारेची घासणी त्यालाही नको.

रानवारा

मग सरळ रोज पिंजरे बदलावेत आणि सगळ्यांना आयव्हरमेक्टिन द्यावं, म्हणजे झंझटच मिटेल?

कृष्णाकाठचा पशुवैद्य

रानवारा, दोन्ही करू नका.

रोज बदललं तर प्राण्याने स्वतःच्या वासाने आखलेली जागा रोज पुसली जाते. नरांमध्ये भांडणं वाढतात, आणि नुकती व्यालेली मादी अस्वस्थ होऊन पिल्लं खाते. वीण झाल्यावर किमान तीन दिवस पिंजऱ्याला हात लावू नये. बदलताना घरट्याचा कोरडा, स्वच्छ भाग तसाच उचलून नव्या पिंजऱ्यात ठेवावा. उघड्या पिंजऱ्यात माईस आणि रॅट यांना आठवड्यातून दोनदा बदल, ओल दिसली तर मध्येच, हे पुरेसं आहे. तीन-चार मोठे रॅट असतील तर तिसऱ्या दिवशीच तूस भिजलेलं दिसेल. दोन छोटे माईस असतील तर आठवडाही कोरडा जाईल. एकच वार सगळ्यांना लावण्यात अर्थ नाही.

आयव्हरमेक्टिन मेंदूत शिरू नये म्हणून रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये एक प्रथिनाचा पहारा असतो. माईसच्या काही वाणांमध्ये तो जन्मतः नसतो, आणि दूधपित्या पिल्लांमध्ये कच्चा असतो. असे प्राणी थरथरतात, बेशुद्ध होतात, मरतात. पिनवर्मसाठी सध्या सगळ्यात सोयीचं म्हणजे खाद्यातून फेनबेंडाझोल, १५० पीपीएम. एक आठवडा औषधाचं खाद्य, एक आठवडा साधं, अशा चार फेऱ्या. किंवा आठ आठवडे सलग. १५० पीपीएम म्हणजे १० किलो खाद्यात १.५ ग्रॅम शुद्ध औषध. एवढंसं औषध तयार गोळ्यांवर शिंपडून सारखं पसरत नाही. खाद्य बनवणाऱ्याकडूनच मिसळून घ्यावं.

आणि औषध चालू असताना पिंजरे, जाळ्या, बाटल्या, ढकलगाडी, कपाटांचे कप्पे, हे सगळं उष्णतेतून जायला हवं. अंडी चिकट आणि चिवट असतात. नुसतं औषध देऊन खोली तशीच ठेवली तर दोन महिन्यांनी पहिले पाढे पंचावन्न. प्रयोग चालू असलेल्या गटांना औषध सुरू करण्याआधी संशोधकाला लेखी कळवा, कारण फेनबेंडाझोलचा प्रतिकारशक्तीच्या आणि गाठींच्या काही प्रयोगांवर परिणाम होतो.

निशिगंधा

टेप-चाचणी नेमकी कशी करायची तेही कोणी लिहा. बऱ्याच ठिकाणी टेप स्लाइडवर लावतात आणि बुडबुड्यांशिवाय काही दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

पारदर्शक सेलोटेप घ्या. दुधी, मॅट टेप नको, तिच्यातून काही दिसत नाही. ५ सेंटिमीटरची पट्टी कापा. माईस पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवून शेपूट मुळाशी धरा, तो पुढे ओढ घेतो आणि मागचा भाग उघडा होतो. टेपची चिकट बाजू गुदद्वारावर आणि आजूबाजूच्या केसांवर तीन-चार वेळा हलके दाबा, घासू नका. स्लाइडवर पाण्याचा किंवा खनिज तेलाचा एक थेंब ठेवा आणि टेप एका टोकाकडून हळूहळू खाली आणा, म्हणजे हवा पुढे सरकत निघून जाते. १० च्या भिंगाने पाहा, कंडेन्सर थोडा खाली घेऊन.

सिफेशियाचं अंडं एका बाजूने चपटं, केळ्यासारखं दिसतं. ॲस्पिक्युल्युरिसचं दोन्ही बाजूंनी सारखं लंबगोल, पण ते टेपवर क्वचितच मिळतं. त्यासाठी लेंड्यांतली अंडी तरंगवावी लागतात. चार-पाच लेंड्या मिठाच्या संपृक्त द्रावणात कुस्करा, गाळणीने गाळा, छोटी नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप ठेवा आणि १५ ते २० मिनिटांनी ती उचलून स्लाइडवर. त्याहून उशीर नको, मिठात अंडी आक्रसतात.

चार ते सहा आठवड्यांचे प्राणी तपासायला निवडा, त्यांच्यात कृमी सर्वांत जास्त असतात. एका पिंजऱ्यातला एक प्राणी निर्दोष निघाला म्हणून खोली निर्दोष ठरत नाही. वसाहत शंभराच्या वर असेल आणि लागण ३० टक्के प्राण्यांत असेल असं धरलं, तर ९५ टक्के खात्रीने ती पकडायला ९ प्राणी तपासावे लागतात. लागण १० टक्केच असेल तर २९. दोन प्राणी तपासून "निरंक" लिहिण्याला काही किंमत नाही.

हवापाणी

खोलीच्या हवेबद्दल लिहितो. सगळ्यात जास्त आढळणारी चूक म्हणजे स्प्लिट एसी लावला की वायुवीजन झालं असं मानणं. स्प्लिट एसी तीच हवा गोल फिरवून थंड करतो, बाहेरची हवा आणतच नाही. सीसीएसईएच्या (पूर्वीची सीपीसीएसईए, प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती) मार्गदर्शक सूचनांत तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलण्याची, तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के ठेवण्याची अपेक्षा आहे.

गणित सोपं आहे. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. बारा वेळा बदलायची तर तासाला ४३२ घनमीटर, साधारण २५५ सीएफएम (मिनिटाला घनफूट). तेवढ्या क्षमतेचा बाहेर फेकणारा पंखा आणि समोरच्या भिंतीवर फिल्टर लावलेली हवा घेण्याची जागा. पंखा आणि ती जागा एकाच भिंतीवर असतील तर हवा तिथल्या तिथे वळते आणि लांबच्या कोपऱ्यातले पिंजरे कोंडलेले राहतात.

हवेची दिशा महत्त्वाची. निरोगी प्राण्यांच्या खोलीतून हवा मार्गिकेत जायला हवी, विलगीकरणाच्या खोलीत मात्र मार्गिकेतून आत. दाराच्या फटीशी टिश्यू पेपरची अरुंद पट्टी धरा, ती कुठे झुकते ते दिसतं. दार उघडं ठेवून काम करण्याची सवय हा सगळा हिशेब मोडते.

कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर आर्द्रता सहज ८५-९० टक्क्यांवर असते. नुसतं तापमान उतरवलं तर आर्द्रता उतरेलच असं नाही; हवा दवबिंदूखाली थंड करून पाणी काढायचं आणि मग थोडी गरम करून आत सोडायची, हा योग्य मार्ग. ते बसवणं शक्य नसेल तर डिह्युमिडिफायर ठेवा, त्याची पाण्याची टाकी रोज रिकामी करा आणि पावसाळाभर तुसाचा बदल एक दिवस अलीकडे घ्या. विदर्भात उलट. उन्हाळ्यात डेझर्ट कूलर लावतात, त्याच्या खसच्या जाळ्या आणि साचलेलं पाणी म्हणजे जिवाणूंचं आगर. आणि हिवाळ्यात कोरडी हवा ४० टक्क्यांखाली गेली की रॅटच्या दूधपित्या पिल्लांच्या शेपटीवर कंकणासारखे आवळ पडतात, पुढे शेपूट गळते. ते संसर्गाने होत नाही, औषध देऊ नका, आर्द्रता वाढवा.

पिंजरेवाला

बिछाना, पाणी, खाद्य राहिलंच.

साळीचं तूस आणि मक्याच्या कणसाचा भुस्सा, हे आपल्याकडे सर्रास. दोन्ही ऑटोक्लेव्ह करून वापरा, पण पोतं तसंच्या तसं आत घालू नका. वाफ मधल्या तुसापर्यंत पोचत नाही. कापडी पिशवीत सैल भरा, पिशवीच्या मध्यभागी जैविक निर्देशक (बीजाणू मेले की नाही हे दाखवणारी कुपी किंवा पट्टी) ठेवा. ऑटोक्लेव्हच्या पट्टीवर काळे पट्टे उमटले म्हणजे बाहेरून ताप लागला एवढंच कळतं. मक्याचा भुस्सा ओला राहिला तर दोन दिवसांत हिरवी बुरशी धरतो. पूर्ण वाळवूनच साठवा, जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर. देवदार आणि चीडच्या कच्च्या लाकडाचा भुसा औषधशास्त्राच्या प्रयोगांना नको. त्यातल्या सुगंधी द्रव्यांनी यकृताची विकरं वाढतात आणि औषधाच्या मात्रेचे निष्कर्ष चुकतात.

पाण्याची बाटली वरून भरत राहायची नाही. दर वेळी धुतलेली, ऑटोक्लेव्ह केलेली नवी बाटली लावायची. नळीच्या टोकाला प्राण्याची लाळ, खाद्याचा चुरा जातो आणि स्यूडोमोनास तिथे चिकट थर करतो. किरण दिलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माईसना तो मारतो. त्यांच्यासाठी पाण्याचा पीएच हायड्रोक्लोरिक ॲसिडने २.५ ते ३.० करतात. आरओच्या १० लिटर पाण्याला तीव्र ॲसिड १.५ ते २ मिली लागतं, बोअरच्या जड पाण्याला बरंच जास्त. मापाने घालून थांबू नका, पीएच मीटरने बघा. अडीचच्या खाली गेलं तर प्राणी पाणी कमी पितात. नळ्या चांगल्या स्टेनलेस स्टीलच्या हव्यात.

खाद्य ऑटोक्लेव्ह केलं तर थायामिन आणि अ जीवनसत्त्व घटतं, म्हणून मुळात ते जास्त घातलेलं खाद्य घ्यावं लागतं किंवा गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं. तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) आयसोमेड या केंद्रात १९७४ मध्येच गॅमा किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करणं सुरू झालं, तंत्र आपल्याकडे नवं नाही. गिनीपिगला क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही, आणि खाद्यातलं क साठवणीत उडतं. त्यांचं खाद्य तयार झाल्यापासून ९० दिवसांत संपवा. सांधे सुजलेला, हलायला तयार नसलेला गिनीपिग दिसला तर संसर्ग शोधण्याआधी पोत्यावरची तारीख वाचा.

कृष्णाकाठचा पशुवैद्य

गिनीपिगचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ससे आणि गिनीपिग एका खोलीत ठेवू नका. जागा कमी म्हणून सर्रास ठेवतात. बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका सशाच्या नाकात काही त्रास न देता राहतो, गिनीपिगला त्यानेच न्यूमोनिया होऊन तो मरतो. रॅट आणि माईसही वेगळे हवेत.

नव्या प्राण्यांसाठी विलगीकरण: लहान प्राण्यांना एक आठवडा ते एक महिना, कुत्रा-मांजर-माकड यांना सहा आठवडे, असं मार्गदर्शक सूचना सांगतात. माझ्या मते माईस-रॅटना एक आठवडा पुरत नाही. ॲस्पिक्युल्युरिसचं चक्र २३ दिवसांचं. लागण नुकतीच झालेली असेल तर आठव्या दिवशीची तपासणी निर्दोषच निघेल. चार आठवडे ठेवा, आल्या दिवशी आणि चौथ्या आठवड्यात अशी दोनदा तपासणी करा. टेप, लेंड्या, आणि मानेमागच्या केसांवर टेप लावून माइट (केसांतले बारीक किडे).

खोक्याची बाहेरची बाजू हायपोने किंवा क्लोरीन डायऑक्साइडने पुसूनच आत. विक्रेत्याचं खोकं आणि त्यातला बिछाना तिथेच पिशवीत.

दिवसाचा क्रमही ठरलेला हवा: आधी पैदाशीची पिल्लं आणि नाजूक प्राणी, मग साधे, शेवटी विलगीकरण. विलगीकरणातून बाहेर पडलेला माणूस त्या दिवशी परत मागे जात नाही. माणसं दोनच असतील तर विलगीकरणाचं काम दिवसाच्या शेवटी ठेवा, तिथला ॲप्रन आणि चप्पल तिथेच राहू दे.

रानवारा

एखाद्या खोलीत एकदम पिल्लं मरायला लागली तर? सगळे प्राणी मारून टाकायचे का?

सूक्ष्मदर्शी

आधी शवविच्छेदन. मेलेलं पिल्लू फ्रीझरमध्ये नको, साध्या फ्रिजमध्ये ठेवा. गोठलं की पेशी फुटतात आणि ऊतक वाचता येत नाही. पोट बघा. पिवळे जुलाब आहेत पण जठरात दूध आहे, तर रोटाव्हायरसकडे संशय. जठर रिकामं आहे, तर माऊस हेपॅटायटिस व्हायरसकडे. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर टायझर रोग, म्हणजे क्लोस्ट्रिडियम पिलिफॉर्म. त्याचे बीजाणू बिछान्यात वर्षभर टिकतात. नमुने पीसीआरला पाठवा, तोवर त्या खोलीतून एकही प्राणी, पिंजरा किंवा ऊतक बाहेर नाही.

हेपॅटायटिस व्हायरस निघाला आणि प्राण्यांची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर मारण्याची गरज बहुधा नसते. हा विषाणू निरोगी माईसच्या शरीरात कायम राहत नाही, तो नव्या पिल्लांच्या जिवावर खोलीत टिकतो. नर-मादी वेगळे करा, आठ आठवडे वीण बंद, नवा प्राणी आत नाही. विषाणूला नवं अंग मिळालं नाही की तो संपतो. नंतर त्याच खोलीत तीन-चार आठवड्यांचे निरोगी माईस ठेवून त्यांच्यात प्रतिपिंडं येतात का पाहा. न्यूड माईसमध्ये (केस नसलेल्या, प्रतिकारशक्ती अपुरी असलेल्या वाणात) ही युक्ती चालत नाही, ते विषाणू टाकत राहतात. तिथे भ्रूण रोपण करून वाण नव्याने उभा करावा लागतो. पार्व्होव्हायरसलाही ही युक्ती पुरत नाही. तो खोलीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो.

पहारेकरी माईस नेहमीसाठीच ठेवावेत. प्रत्येक बदलाच्या वेळी रॅकवरच्या प्रत्येक पिंजऱ्यातून चमचाभर घाण तूस त्यांच्या पिंजऱ्यात घालायचं, स्वच्छ तुसात निम्मं-निम्मं मिसळून, आणि तीन महिन्यांनी तपासायचं. लेंडीतून पसरणारे जंतू यात सापडतात. सेंडाई विषाणू हवेतून आणि स्पर्शाने पसरतो, तो तुसातून फारसा येत नाही, आणि केसांतले माइटही बऱ्याचदा निसटतात. त्यांच्यासाठी मूळ प्राण्यांच्याच अंगावरून टेप आणि घशाचे नमुने घ्यावे लागतात.

निशिगंधा

शेवटचा प्रश्न, कामाच्या माणसांसाठी. चावल्यावर काय करायचं, आणि मेलेले प्राणी, बिछाना कुठे टाकायचा?

कृष्णाकाठचा पशुवैद्य

चावा बसला की वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं, नोंद करणं आणि डॉक्टरकडे जाणं. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ आलं तर "रॅट चावला होता" हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. स्ट्रेप्टोबॅसिलसचा ताप वेळेवर ओळखला तर पेनिसिलिनने बरा होतो, पण सांगितलं नाही तर कोणाच्या ध्यानात येत नाही. गिनीपिगला गोल केसगळती दिसली तर हातमोजे न घालता उचलू नका, तो गजकर्ण माणसाला लागतो. रॅट-माईसच्या लघवीतल्या प्रथिनांनी शिंका, डोळ्यांना खाज आणि पुढे दमा होतो. साधा सर्जिकल मास्क त्याला पुरत नाही, तूस काढताना एन-९५ हवा.

मेलेले प्राणी पिवळ्या पिशवीत, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे, उचलणारी गाडी येईपर्यंत वेगळ्या फ्रीझरमध्ये. साथीच्या खोलीतलं तूस आधी ऑटोक्लेव्ह, मग बाहेर. ते खतासाठी बागेत टाकतात, तसं करू नका. मोकाट उंदीर तिथेच येतात आणि तिथून परत आत. दाराखाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, खोलीच्या उंबरठ्यावर ५०-६० सेंटिमीटर उंचीचा गुळगुळीत पत्रा उभा करा, मोऱ्यांना जाळी लावा. झुरळांसाठी खोलीत फवारणी नको, फटींत जेल भरा. फवारणीतली कीटकनाशकं तुसात उतरतात आणि प्राण्यांच्या पोटात जातात.

पिंजरेवाला

पत्र्याबद्दल एकच. तो काढता-घालता येईल असा खाचेत बसवा, नाहीतर ढकलगाडी नेता येत नाही म्हणून तो पहिल्याच आठवड्यात भिंतीला टेकवून ठेवलेला सापडतो.